कॉफी : एक अनुक्त द्रव्य आणि ते पिकविणारे हात

दरवर्षी १ ऑक्टोबर हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय कॉफी दिन म्हणून साजरा होतो. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेने २०१५ पासून ही प्रथा सुरू केली. या पेयाचा गौरव व्हावा आणि ते पिकविणाऱ्या शेतकऱ्याची आठवण ठेवली जावी, असा त्यामागील दुहेरी हेतू आहे. कर्जतसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्याने या दिवसाची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्याकडे ज्वारी, तूर, हरभरा आणि पाणी असेल तेथे ऊस होतो. दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस आणि दाट सावली मागणारे कॉफीचे झाड रेहेकुरीच्या माळावर उभे राहणे शक्य नाही. तरीही कॉफी आमच्या घरात आहे. चतुर्थीला सिद्धटेकला जाऊन आलेल्या मनुष्याच्या उपवासाला ती चालते, पाहुण्याला चहा नको असला की तीच पुढे येते, आणि रात्री जागणाऱ्या परीक्षार्थी मुलांच्या मेजावर तर ती असतेच. आणि आपल्या, म्हणजे वैद्यांच्या, पथ्यपत्रकावरही ती आहे. "चहा-कॉफी वर्ज्य" अशी एक ओळ आपण सर्वजण वर्षानुवर्षे छापत आलो आहोत.

माझ्या पत्रकावरही ती ओळ होती. सुमारे पन्नाशीचे एक शिक्षक अम्लपित्तासाठी आले. नोकरीची बरीच वर्षे कर्नाटकाच्या सीमेजवळ गेल्यामुळे दिवसाला पाच-सहा पेले घट्ट कॉफी घेण्याची त्यांना सवय जडली होती. मी पत्रक हाती ठेवले. गृहस्थ शिस्तीचे, त्याच दिवसापासून कॉफी पूर्ण बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोके धरून परत आले. चिडचिड, मरगळ, कामात लक्ष नाही, आणि दोन्ही शंखप्रदेशी ठणका. मी वातज शिरःशूल समजून शिरःशूलादि वज्र रस दिला, नस्य केले. आठवडाभरात ते बरे झाले व मी मनोमन माझ्या निदानाचे कौतुक केले. पुढे या विषयावरचे वाचन झाल्यावर कळले की कॉफी एकाएकी तोडली की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत ती सर्वाधिक असते आणि दोन ते नऊ दिवसांत आपोआप शमते. म्हणजे रोग मीच उत्पन्न केला होता आणि तो काळाने बरा केला होता. ज्या द्रव्याचा अभ्यास केला नाही ते वर्ज्य ठरवणे किती सोपे असते, हे त्या दिवशी मला उमगले. प्रस्तुत लेख त्या अभ्यासातून सिद्ध झाला आहे.

अनुक्त द्रव्याचा विचार

कॉफी बृहत्त्रयीत नाही, लघुत्रयीतही नाही. परंतु संहितेत नसलेले द्रव्य आयुर्वेदाच्या कक्षेबाहेरचे, असे मानण्यास शास्त्राधार नाही. युक्ती आणि प्रयोजन पाहिले असता जगात औषध नाही असे एकही द्रव्य सापडत नाही, ही चरकाचार्यांची भूमिका सर्वांना परिचित आहे. अहिफेन चरक-सुश्रुतांत नाही, पण शार्ङ्गधरांच्या काळापर्यंत ते आले आणि राहिले. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात परदेशांतून येणारी चोपचिनी 'द्वीपान्तर वचा' या नावाने घेतली व फिरंग रोगात योजली. आलेले द्रव्य रस-गुण-वीर्य-विपाकाच्या कसोटीवर घासून पाहायचे आणि मग ठेवायचे की टाकायचे ते ठरवायचे, ही आपली रीत आहे. कॉफी भारतात येऊन तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तिची परीक्षा मात्र आपण टाळली.

याच संदर्भात सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायातील एक विचार पुन्हा वाचण्याजोगा आहे. वनस्पतींची नावे आणि रूपे ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी, असे तेथे म्हटले आहे. त्यांचा प्रयोग जाणणारा तो वैद्य. कॉफीच्या उगमाची जी प्रसिद्ध दंतकथा सांगितली जाते तीही एका शेळ्या राखणाऱ्याची आहे. इथियोपियातील काल्दी नावाच्या गुराख्याच्या शेळ्या लाल फळे खाऊन उड्या मारू लागल्या, त्याने ती फळे जवळच्या मठात नेली, आणि रात्रीच्या उपासनेत झोप न येण्यासाठी तेथील साधक त्यांचा काढा घेऊ लागले. युरोपात ही कथा सतराव्या शतकात लिहिली गेली. तिला इतिहास मानण्याचे कारण नाही. पण चरकांनी दिलेला द्रव्यज्ञानाचा क्रम आणि या कथेतील क्रम एकच आहे, ही गंमत नोंदवावीशी वाटते.

परिचय

कॉफीचे कुल रुबिएसी, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील मंजिष्ठा कुल. मंजिष्ठा, मदनफळ, प्रसारणी आणि कदंब ही तिची सगोत्र भावंडे. क्विनीन देणारा सिंकोनाही याच घरातला. वमनाच्या पेटीत मदनफळ ठेवणाऱ्या वैद्याला कॉफी अगदीच परकी वाटू नये. व्यापारात दोन जाती मुख्य आहेत. कॉफिया अरेबिका उंच डोंगरावर, साधारण हजार मीटरच्या वर चांगली होते. तिचा सुवास अधिक आणि कॅफीन कमी. कॉफिया कॅनेफोरा, म्हणजे रोबस्टा, त्याहून खालच्या उंचीवर वाढते. ती अधिक कडू असते आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट असते. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत. मूळ शब्द अरबी आहे.

आपण दाणा म्हणतो ते वस्तुतः फळातील बीज. फळ पिकून लाल झाले की हाताने तोडतात, गर काढतात, चिकटा आंबवून धुतात, उन्हात वाळवतात, वरचे टरफल काढतात. इतके झाल्यावर जो हिरवट दाणा उरतो त्याला कॉफीचा वास नसतो. वास येतो तो भर्जनाने. कच्चा दाणा चघळून पाहावा. तुरट, किंचित कडू आणि गवतासारखा लागतो. भाजल्यावर तोच कडू, तीक्ष्ण आणि सुगंधी होतो. संस्कार म्हणजे गुणान्तराधान, याचे इतके ढळढळीत उदाहरण विद्यार्थ्यांना दाखवायला दुसरे मिळणार नाही.

१८१९ मध्ये जर्मन रसायनज्ञ रुंगे याने या दाण्यातून कॅफीन वेगळे केले. त्याला दाणे दिले होते महाकवी गटे याने. शरीरात दिवसभराच्या श्रमाने ॲडेनोसिन हे द्रव्य साचत जाते व झोपेची जाणीव उत्पन्न करते. कॅफीन त्या ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते. म्हणजे कॉफी बल देत नाही, थकव्याची वार्ता मनापर्यंत पोचू देत नाही. श्रम तेवढेच राहतात. या एका गोष्टीवरून कॉफी बल्य नव्हे हे स्पष्ट होते, आणि जागरणाचा वातप्रकोप ती टाळू शकत नाही हेही.

रस-वीर्य-विपाक : एक प्रस्ताव

भाजलेल्या दाण्याच्या केवळ काढ्याचा, म्हणजे दूध-साखर न घालता, विचार केला तर तिक्त-कषाय रस, अनुरस कटु, गुण लघु, रूक्ष, तीक्ष्ण, वीर्य उष्ण, विपाक कटु असे अनुमान करता येते. घेतल्यावर दिसणारी कर्मे याला पुष्टी देतात: तंद्रानाश, जडपणा कमी होणे, मूत्रप्रवृत्ती वाढणे, अनेकांना लगेच मलप्रवृत्ती होणे, आणि मात्रा वाढल्यास हृद्द्रव, कंप, अनिद्रा. कफप्रधान, मेदस्वी, सकाळी जड उठणाऱ्या व्यक्तीला एक पेला मानवतो. वातप्रधान, कृश, अल्पनिद्र व्यक्तीला तोच त्रास देतो. पित्तप्रकृतीत रिकाम्या पोटी घेतलेली कॉफी छातीत जळजळ वाढवते, हा सर्वांचाच अनुभव आहे. हा प्रस्ताव आहे, सिद्धान्त नव्हे. आपल्या रुग्णांतील नोंदी ठेवून सभासदांनी तो तपासावा.

पण महाराष्ट्रात केवळ काढा पितो कोण? आपल्या घरची कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर, आणि वर किसलेले जायफळ, क्वचित वेलची. दुधाने रूक्षता व तीक्ष्णता कमी होते हे उघड आहे. जायफळाची योजना मात्र विचार करण्याजोगी आहे. जायफळ ग्राही, दीपन, वातकफघ्न, आणि व्यवहारात निद्राजनक. कॉफी सारक व निद्रानाशक. ज्या कोणा गृहिणीने प्रथम कॉफीत जायफळ घातले तिने चवीसाठीच घातले असेल, पण दोन विरुद्ध कर्मांची ही जोडी अनुपानशास्त्राच्या दृष्टीने मोठी शहाणपणाची आहे. दाक्षिणात्य घरांत गाळणीची घट्ट कॉफी जायफळाविना घेतात. तेथील रुग्ण आपल्याकडे आला तर त्याचा पेला आणि आपला पेला एक समजू नये.

मात्रा व काल

विषही मात्रेने औषध होते आणि अन्नही मात्रा चुकली की विषासमान होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेने दिवसभरातील कॅफीनची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. त्याच मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५, तर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे घट्ट कॉफीचे तीन पेले ही निरोगी माणसाची सीमा झाली. गर्भिणीसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिली. गर्भावस्थेत कॅफीनचे पचन फार मंदावते, म्हणून मी गर्भिणीला एका सौम्य पेल्याच्या पुढे जाऊ देत नाही.

निरोगी प्रौढात घेतलेल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीराबाहेर पडण्यास सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंश रात्री अकरालाही रक्तात असतो. अनिद्रेच्या रुग्णाला सर्पगंधा वा जटामांसी लिहिण्यापूर्वी "शेवटचा पेला किती वाजता?" हा एक प्रश्न विचारावा. कितीतरी वेळा औषध लिहावेच लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्यासाठी औषधविक्रेत्या बंधूंचे लक्ष वेधावेसे वाटते. राशीन भागातील एक भगिनी पांडुरोगासाठी माझ्याकडे तीन महिने नवायस लोह घेत होत्या. "डॉक्टर, गोळ्या नेमानं घेते, पण अंगात काय जोर येईना," ही त्यांची तक्रार. रक्तवर्णकही जागचे हलले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की औषध सकाळी चहाबरोबर, आणि उपवासाच्या दिवशी कॉफीबरोबर घेतले जात होते. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर घेतलेल्या एका पेला कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहाने ६४ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. जेवणापूर्वी एक तास घेतलेल्या कॉफीने बाध आला नाही. जेवणानंतर एक तासाने घेतलेल्या कॉफीने मात्र बरोबर घेतल्याइतकाच बाध आला. हा प्रयोग अन्नातील लोहाचा आहे, भस्माचा नव्हे, हे मान्य. लोहकल्पात त्रिफळा असतेच, मग कषाय रसाचाच दोष असेल तर तो तेथे का नाही, अशी शंका काही ज्येष्ठ वैद्य घेतील. पण तेथे आमलकीचा अम्ल रसही आहे आणि शोधन-मारणाचा संस्कारही. चहा-कॉफीत यांपैकी काहीच नाही. त्या भगिनींना अनुपान बदलून दिले, चहा-कॉफी औषधापासून दोन तास दूर केली. पुढील दोन महिन्यांत फरक दिसला. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही. परंतु लोहकल्पाच्या डबीवर 'चहा-कॉफीबरोबर घेऊ नये' एवढी सूचना चिकटवायला औषधविक्रेत्यास काही खर्च येत नाही. थायरॉईडच्या आधुनिक गोळ्यांचे शोषणही कॉफीने घटते. तेव्हा दोन्ही पद्धतींची औषधे एकाच काउंटरवरून देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

दोषच सांगायचे असे नव्हे. यकृताचे जीर्ण विकार आणि मधुमेह यांचे प्रमाण नियमित कॉफी घेणाऱ्यांत कमी आढळते, असे अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांतून दिसले आहे; अर्थात पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने कॉफीवरील जुना संशय मागे घेतला, आणि ६५ अंशांहून अधिक तापलेले कोणतेही पेय अन्ननलिकेस घातक असण्याचा संभव दर्शविला. दोष कॉफीकडून अत्युष्णतेकडे सरकला. बशीत ओतून निववून पिण्याची आमच्या आजोबांची रीत ज्यांना गावंढळ वाटत असे त्यांनी हे वाचावे.

सवय सोडवायचीच असेल तर चरकोक्त पादांशिक क्रम हाच मार्ग. अहितकर सवयीचा एक पाद सोडावा, त्या जागी हितकर द्रव्याचा एक पाद द्यावा, आणि एक, दोन, तीन दिवसांच्या वाढत्या अंतराने पुढे सरकावे. पाद म्हणजे चौथा अंश की चौथ्याचाही चौथा, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. कॉफीसाठी चौथा अंश पुरतो. चार पेले घेणाऱ्याचा आधी रात्रीचा पेला काढावा, त्या जागी सुंठ-धण्याचा काढा किंवा नुसते कोमट दूध द्यावे. सकाळचा पेला सर्वांत शेवटी, आणि बहुतेकदा तो काढण्याची गरजच नसते. वर उल्लेखिलेल्या शिक्षकांना दुसऱ्या खेपेस असेच सोडविले. आज ते सकाळी न्याहारीनंतर एक पेला जायफळाची कॉफी घेतात, अम्लपित्त शमलेले आहे, आणि डोके दुखले नाही.

मिश्रणे

बाजारातील बऱ्याच पुडीत कॉफीबरोबर चिकोरी असते. चिकोरी म्हणजे युनानी वैद्यकातील कासनी. मूळ भाजून दळतात. ती अपायकारक नाही, तिच्यात कॅफीन नाही, आणि यकृतासाठी कासनीचा उपयोग हकीम जुन्या काळापासून करत आले आहेत. कायद्याने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण वेष्टनावर छापलेले हवे. प्रश्न येतो तो न छापता मिसळण्याचा. घरगुती परीक्षा सोपी आहे. पेल्यातील थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकावी. कॉफी वर तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडीत तळाशी जाते.

आपल्या माळरानावर पावसाळ्यात उगवणारा टाकळा, विदर्भातील तरोटा, म्हणजे चक्रमर्द. त्याचे बी भाजून कॉफीला पर्याय म्हणून वापरतात हे अनेकांना ठाऊक नसेल. दद्रु-कुष्ठावर लेपासाठी आपण जे बी ठेवतो तेच हे. त्यातही कॅफीन नसते. 'हर्बल कॉफी' या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत असली बीजे असतात. विकण्यास हरकत नाही, परंतु पुडीत काय आहे हे विक्रेत्याने ग्राहकास सांगावे. चक्रमर्द रेचक आहे. कॉफी समजून तीन पेले घेणाऱ्याची फजिती व्हायची.

पिकविणारे

सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, मुख्यतः कोडगू, चिकमगळूर आणि हासन या तीन जिल्ह्यांत. 'कॉफी इस्टेट' म्हटले की डोळ्यांसमोर बंगला आणि घोड्यावरचा साहेब येतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कॉफीच्या एकूण बागांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक १० हेक्टरांहून लहान आहेत. म्हणजे कॉफी पिकवतो तो आपल्यासारखाच खातेफोड झालेल्या जमिनीचा शेतकरी.

मार्च-एप्रिलमध्ये पडणाऱ्या वळवाच्या एका पावसावर त्याचे वर्ष ठरते. त्या सरी वेळेवर आल्या तर आठ-दहा दिवसांत साऱ्या बागा पांढऱ्या फुलांनी भरतात आणि मोगऱ्यासारखा वास डोंगरभर पसरतो. सरी चुकल्या तर फूल नाही आणि फूल नाही तर फळ नाही. नोव्हेंबरपासून अरेबिकाची, त्यामागून रोबस्टाची तोड फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. एकाच फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी फळे असतात, म्हणून यंत्राने ओरबाडून चालत नाही. पिकलेले तेवढे निवडून तोडायचे, पुन्हा काही दिवसांनी त्याच झाडापाशी यायचे. सुमारे सहा किलो फळांतून एक किलो हिरवा दाणा मिळतो आणि भाजताना त्यातलाही सहावा-सातवा हिस्सा उडून जातो. तोडणीचे हे काम बहुतांशी स्त्रिया करतात; त्यांत दूरच्या जिल्ह्यांतून, अलीकडे थेट आसामातून आलेली कुटुंबेही असतात. आमच्या जिल्ह्यातील पाथर्डी-जामखेडकडची माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणे म्हणजे काय, हे नगरच्या वाचकास वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

संकटेही थोडी नाहीत. १८६९ मध्ये सिलोनात तांबेरा रोग प्रकटला आणि काही वर्षांत तेथील कॉफी संपून त्या जागी चहा आला. आपल्याकडे बाळेहोन्नूर येथे १९२५ मध्ये संशोधन केंद्र निघाले आणि तेथे निवडलेला एस. ७९५ हा वाण आजही अरेबिकाच्या बागांत दिसतो. खोडकिडा मात्र अद्याप हटलेला नाही. ज्या झाडात तो शिरला ते उपटून जाळावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत अतिवृष्टीने डोंगर घसरले आणि बागाच्या बागा चिखलात गेल्या. भावाचे तर विचारूच नये. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारातील कोटापद्धत मोडली, २००१-०२ पर्यंत भाव इतका कोसळला की तोडणीचा खर्चही निघेना. आणि २०२४-२५ मध्ये तोच भाव विक्रमी उंचीवर गेला. पेल्याची किंमत शहरात त्या पडत्या काळातही उतरली नव्हती.

आपल्या राज्यातही कॉफी आहे. मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे सुमारे ११०० मीटर उंचीवर इंग्रजी अमदानीत तिची लागवड झाली आणि आजही तेथे थोडी कॉफी होते. भोवतालची वस्ती कोरकू आदिवासींची. मेळघाट म्हटले की आपल्याला कुपोषणाचे आकडे आठवतात. तेथे कॉफीला फूल येते हे क्वचितच कोणाला आठवते. आंध्रातील अराकू खोऱ्यात आदिवासी कुटुंबांनी याच पिकावर जगात नाव मिळवले. २०१७ मध्ये त्यांच्या कॉफीचे दालन पॅरिसमध्ये उघडले आणि २०१९ मध्ये अराकू, कोडगू, चिकमगळूर, बाबा बुडनगिरी आणि वायनाड येथील कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले.

हे मानांकन म्हणजे केवळ प्रतिष्ठा नव्हे. चांगल्या कॉफीच्या पुडीवर आज डोंगराचे नाव, उंची, वाण, वाळवण्याची पद्धत, कधीकधी शेतकऱ्याचे नावसुद्धा असते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्याने तर दाणा जमिनीच्या कोणत्या तुकड्यावर पिकला हे अक्षांश-रेखांशासह सांगण्याची अट घातली. तिच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलली गेली, पण नोंदणीचे काम सुरू झाले. भूमी, काल, संग्रहण आणि रक्षण यांवर कल्पस्थानात आपल्या आचार्यांनी जे सांगितले तेच हे लोक करीत आहेत. एका पेल्याच्या चवीसाठी ते इतके करतात, आणि ज्यावर रुग्णाचे प्राण अवलंबून आहेत त्या द्रव्याची आपण काय चौकशी करतो?

माझ्यापुरते सांगतो. मागे एकदा हिरड्याचे पोते घेताना व्यापाऱ्याला विचारले, "हा माल कुठला?" तो हसला. "वैद्यबुवा, हिरडा तो हिरडा. डोंगराचा." वास्तविक आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, अकोले तालुक्यात, आणि पलीकडे जुन्नर-आंबेगावात महादेव कोळी व ठाकर कुटुंबे हिरडा गोळा करतात. बाळहिरडा कोवळेपणी, झाडावर चढून. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या भागातील हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी त्या लोकांना काही वर्षे आंदोलने करावी लागली. त्या वर्षी आपण कोणी त्रिफळा चूर्ण बनविणे थांबविले नाही. हिरडा महागला एवढेच आपल्याला कळले. औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी व रानातील संग्रहणासाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने ऐच्छिक प्रमाणन योजना झालेली आहे. आपल्यापैकी किती औषधनिर्मात्यांनी तो कागद मागितला, हे प्रत्येकाने स्वतःच्या खरेदी-वहीत पाहावे.

मी माझ्या पथ्यपत्रकावरील "चहा-कॉफी वर्ज्य" ही ओळ काढून त्या जागी "कॉफी : किती, कधी, कशाबरोबर" असा रकाना छापला आहे. आणि द्रव्यसंग्रहाच्या नोंदवहीत कुडा, गुळवेल, हिरडा, बेहडा यांपुढे दोन नवे स्तंभ आखले आहेत: कोठून आले, कोणी गोळा केले. पहिल्या वर्षात अकोल्याच्या दोन आणि आमच्याच तालुक्यातील गुळवेलीची एक, अशा तीन नोंदी झाल्या आहेत. उरलेले रकाने अजून रिकामे आहेत.